रकाना सापडेना

गेल्या दिवाळीत चोपड्याला गेलो होतो. पुण्याहून चोपडा म्हणजे रात्रभराचा ट्रॅव्हल्सचा प्रवास. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे दिवाळीत तिकिटाचे भाव विमानाला लाजवतात, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे. तर, भाऊबीजेला मावशीकडे गेलो. फराळाची ताटली पुढे ठेवता ठेवता मावशी म्हणाली, "तू कॉम्प्युटरना शे ना, मंग दादाना इतला फॉर्म भरी दे."

फॉर्म होता अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा. लॅपटॉप काढला, मोबाइलचं नेट जोडलं, नाव-गाव-जन्मतारीख सगळं पटापट झालं. मग आला ड्रॉपडाउन. अपंगत्वाचा प्रकार निवडा. एकवीस पर्याय. वरून खाली वाचत गेलो, मग खालून वर. अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, बहिरेपणा, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, थॅलेसेमिया, पार्किन्सन... दादाचा रकाना सापडेना. समोर दादा बसला होता, चकलीचे तुकडे करून ते ताटलीत एका ओळीत लावत.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. केळीच्या व्यापारात होता, डोक्यात हिशोब करायचा. कुठल्या शेतकऱ्याची पिलबाग कधी कापणीला येणार, कुणाला किती उचल दिलीय, सगळं तोंडपाठ. २०१६ च्या उन्हाळ्यात अडावदकडून रात्री मोटरसायकलवर परत येताना अपघात झाला. हेल्मेट नव्हतं. (आमच्याकडे हेल्मेट घालणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो किंवा पोलीस भरतीची तयारी करणारा.) ऑपरेशन झालं, एकोणीस दिवस बेशुद्ध होता, आणि मग वाचला. डॉक्टरांनी वाचवला, त्याबद्दल आम्ही सगळे जन्माचे ऋणी आहोत. हात-पाय धड, डोळे धड, बोलतो, चालतो, जेवतो. डिस्चार्जच्या कागदावर ग्लासगो कोमा स्केल १५ पैकी १५. टेस्टरच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट केसेस पास.

आणि तरीही आठ-नऊ वर्षं मावशी एकच वाक्य म्हणते आहे, "पोऱ्या घर उना, पन तो उना नही." पोरगा घरी आला, पण तो आला नाही.

सकाळी काय खाल्लं ते दादाला दुपारी आठवत नाही. गॅस पेटवतो आणि अंगणात जाऊन बसतो. कधी भर बाजारात कुणालाही काहीही बोलतो, एरवी तासन्‌तास गप्प. पैसे दिले तर वाटून टाकतो. वहिनी दोन वर्षांनी मुलीला घेऊन माहेरी गेली, आणि खरं सांगायचं तर तिला दोष द्यायची माझी हिंमत नाही. मावशी आता अडुसष्ट वर्षांची आहे.

फॉर्म तसाच अर्धवट सेव्ह केला आणि पुण्याला परत आलो. पण ड्रॉपडाउन डोक्यातून जाईना. आमच्या धंद्यात एखाद्या लिस्टमध्ये ऑप्शन नसेल तर आपण विचारतो की ही लिस्ट बनवली कोणी, कधी, आणि कुठला डेटा समोर ठेवून? तेच शोधत तीन-चार वीकेंड घालवले. त्यातून जे हाती लागलं ते लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मावशीचं वाक्य तिच्याआधी कितीतरी वर्षं अमेरिकेत बोललं गेलं होतं. १३ सप्टेंबर १८४८ ला व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी खडक फोडताना फिनिआस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्याच्या वरून बाहेर पडली. पहार साडेतीन फुटांहून लांब, वजन सहा किलो. गेज मेला नाही. पण त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहून ठेवलं की त्याला ओळखणाऱ्यांच्या मते हा पूर्वीचा गेज राहिलाच नव्हता. मानसशास्त्राच्या पुस्तकांत गोष्ट इथे संपते. मला जास्त ओढ लागली ती पुढच्या भागाची. हा गेज नंतर चिली देशात गेला आणि तिथे काही वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. मॅल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने मांडलं आहे की या नोकरीनेच त्याला बऱ्यापैकी सावरलं असावं. रोज ठरलेल्या वेळी उठायचं, तेच घोडे, तोच रस्ता, तीच वेळ. ठरलेल्या दिवसाने मेंदूचं हरवलेलं काम थोडंफार उचललं. तब्येत ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या आईकडे आला आणि १८६० मध्ये तिथेच वारला. शेवटी आईच. असो.

गेज एकटा होता. अशी माणसं हजारांनी एकदम दिसली ती पहिल्या महायुद्धात. खंदकात उभ्या सैनिकाचं डोकंच तेवढं वर येतं, आणि पोलादी शिरस्त्राणं यायला १९१५-१६ उजाडलं. जर्मनीत यांच्यासाठी खास इस्पितळं निघाली. कलोनमध्ये वाल्टर पॉपेलरॉयटर आणि फ्रांकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डस्टाइन हे त्यातले मोठे डॉक्टर. गोल्डस्टाइनच्या संस्थेत दवाखाना होता, मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती आणि जोडीला कार्यशाळाही. म्हणजे सकाळी तपासणी आणि मग हातात हत्यार. हा माणूस काय विसरतो हे टेबलावर कळतं, पण तो काय करू शकतो हे कामावर कळतं, अशी त्यामागची समज.

गोल्डस्टाइनचं एक निरीक्षण वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मेंदूला मार लागलेले त्याचे रुग्ण कमालीचे टापटीप असत. कपाटातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागे, हलवली की बिथरत. गोल्डस्टाइन म्हणतो, हा हट्ट नव्हे. अवाढव्य जग आता पेलवत नाही, म्हणून हा माणूस पेलवेल एवढं छोटं जग स्वतःभोवती आखून घेतो आणि त्याची राखण करतो. ते मोडलं की त्याचा तोल सुटतो. आणि मला आठवल्या ओळीत लावलेल्या चकल्या. मावशीच्या घराच्या ओट्यावरच्या चपलाही तो अशाच लावतो. कुणी हलवल्या की आरडाओरडा होतो आणि गल्ली म्हणते, येडा झाला. (हाच गोल्डस्टाइन ज्यू होता, म्हणून १९३३ मध्ये नाझींनी त्याला तुरुंगात टाकलं. सुटून तो आधी ॲमस्टरडॅमला आणि मग अमेरिकेला गेला. जर्मनीने स्वतःच्या जखमी सैनिकांना ज्याने सावरलं त्यालाच हाकललं.)

दुसऱ्या महायुद्धात रशियात लुरियाने हेच काम पुढे नेलं. उरल पर्वताजवळ किसेगाच इथे त्याने डोक्याच्या जखमांसाठी पुनर्वसन रुग्णालय चालवलं. झासेत्स्की नावाच्या सैनिकाला १९४३ च्या मार्चमध्ये गोळी लागली आणि वाचणं, आठवणं, स्वतःच्या शरीराचं भान सगळं विस्कटलं. हा माणूस पुढची पंचवीसेक वर्षं डायरी लिहित राहिला, तीन हजारांच्या आसपास पानं, कधी कधी दिवसभरात अर्धं पान. स्वतःचं लिहिलेलं त्याला धड वाचता येत नव्हतं.

इंग्लंडची गोष्ट आपल्या पुणेकरांनी जरा मन घट्ट करून वाचावी. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या मारानेच गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा तरुण मेंदूचा सर्जन होता. त्याने हे मनाला लावून घेतलं, सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये निष्कर्ष छापले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत पुण्यात सक्ती सुरू झाली तेव्हा विरोधात मोर्चा निघाला होता. मी स्वतः तेव्हा ऑफिसात त्यावरचे विनोद फॉरवर्ड केलेत, त्यामुळे जास्त बोलत नाही.

तर तिकडे लढाईने ही माणसं सरकारच्या दारात आणून उभी केली. ज्यांच्यासाठी त्यांनी डोकं फोडून घेतलं त्यांना तोंड फिरवता येईना. मग इस्पितळं आली, कार्यशाळा आल्या, पेन्शनच्या यादीत ओळ आली. १९७३ च्या योम किप्पुर युद्धानंतर इस्राएलमध्ये येहुदा बेन-यिशाय याने अशा तरुण सैनिकांना छोट्या गटांत एकत्र आणून महिनोन्‌महिने चालणारा दिवसभराचा कार्यक्रम बसवला, आणि तोच पुढे न्यूयॉर्कला नेला. तिथून ही कल्पना शांततेच्या काळातल्या अपघातग्रस्तांपर्यंत पोचली. इंग्लंडमध्ये १९७९ मध्ये 'हेडवे' ही संघटना उभी राहिली. बार्बरा विल्सन यांनी १९९६ मध्ये ईली गावात असंच केंद्र काढलं आणि त्याला ऑलिव्हर झँगविल या मानसशास्त्रज्ञाचं नाव दिलं.

आता आपल्याकडे येऊ. इथे मला ड्रॉपडाउनचे पूर्वज भेटले.

१८५८ च्या वेड्यांच्या कायद्यात दोनच खण होते, वेडा आणि जन्मजात मंद. १९१२ च्या कायद्यातही तेच. ठाण्याचं आणि येरवड्याचं मनोरुग्णालय या कायद्यांच्या काळातलं. डोक्याला मार लागून बिथरलेल्या माणसाला दार उघडं असेल तर ते हेच, आणि आत गेल्यावर त्याच्यावर शिक्का वेड्याचा.

दुसरीकडे शरीराच्या इजांच्या याद्या. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'जबर दुखापत' कशाला म्हणायचं त्याचे आठ प्रकार दिले होते. डोळा, कान, अवयव किंवा सांधा गेला तर जबर. चेहरा कायमचा विद्रूप झाला तर जबर. हाड मोडलं तर जबर, अगदी दात पडला तरी जबर. आठवण गेली तर? त्याला वेगळी ओळ नव्हती. जिवाला धोका किंवा वीस दिवस कामधंदा बंद, या शेवटच्या प्रकारात ओढूनताणून बसवायचं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचं परिशिष्ट तर अस्सल लुकअप टेबल आहे. अंगठा गेला, ३० टक्के. दोन्ही हात गेले, १०० टक्के. प्रत्येक बोटाच्या प्रत्येक पेराचा दर लावलेला. स्वभाव बदलला, राग आवरेना, हिशोब जमेना, याला त्या टेबलात रो नाही. डॉक्टर ठरवेल तेवढे टक्के.

मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. ज्यांनी याद्या केल्या त्यांच्यासमोर असा माणूस जिवंत उभाच राहत नव्हता. डोक्याला एवढा मार लागला की माणूस मरायचा. सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनला. ग्लासगो कोमा स्केल आलं १९७४ मध्ये. त्यानंतर हळूहळू जिल्ह्याच्या गावापर्यंत स्कॅन आलं, ॲम्ब्युलन्स आली, मेंदूचे सर्जन आले. दादासारखी माणसं वाचायला लागली ती गेल्या तीस-चाळीस वर्षांत. याद्या मात्र जुन्याच राहिल्या.

बरं, माणसांना एकत्र ठेवून, कामाला लावून उभं करण्याची विद्या महाराष्ट्राला नवीन होती का? मुळीच नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपलं. १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असतानाच, जखमी हिंदी सैनिकांना नवा धंदा शिकवायला मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं. ते पुढे खडकीला आलं आणि आजही आहे. १९५५ मध्ये मुंबईला हाजीअलीची पुनर्वसन संस्था आली. १९७४ मध्ये खडकीलाच पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी निवासी केंद्र उभं राहिलं. तिथले जवान व्हीलचेअरवर बसून काम करतात, खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले, त्यांच्यावर २०२४ मध्ये सिनेमाही निघाला.

सैन्याबाहेर बघा. बाबा आमट्यांनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू केलं. ज्यांना घरच्यांनी टाकलं त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, घरं बांधली. १९८६ मध्ये अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं. तिथे व्यसनी माणूस वेळापत्रकाने, गटात राहतो आणि त्याच्याआधी त्यातून गेलेला माणूस त्याला सांभाळतो. ठरलेला दिवस, हाताला काम, बरोबरीचे सोबती. फ्रांकफुर्टचं आणि आनंदवनाचं सूत्र मला एकच वाटतं. आपल्याकडे बोटं झडलेल्यांसाठी घर झालं, पाय गेलेल्यांसाठी झालं, दारूत बुडालेल्यांसाठी झालं. डोक्याला मार लागलेल्याच्या वाट्याला न्यूरोसर्जरीचा वॉर्ड आणि तिथून थेट घर. मधलं काहीच नाही.

नाही म्हणायला एक घर झालं होतं, पण ते कुणी ठरवून बांधलं नव्हतं. परळच्या केईएम रुग्णालयात. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच नर्स अरुणा शानभाग यांच्यावर हल्ला झाला. गळ्याभोवती साखळी आवळली गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. अपघात नव्हता तो, पण इजा मेंदूचीच. वय पंचविशीचं. घरच्यांचा आधार पुढे राहिला नाही. मग चार नंबरच्या वॉर्डातल्या एका खोलीत त्यांना नर्सनीच सांभाळलं, एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचा प्रयत्न केला तेव्हा नर्सनी विरोध करून तो हाणून पाडला. २०११ मध्ये पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्चला निकाल दिला. आपल्याला तो इच्छामरणाचा निकाल म्हणून आठवतो. पण तो वाचताना माझी नजर दुसऱ्याच गोष्टींवर थांबली. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला अंगावर एकही बेडसोर नाही. मासे दिले तर आवडीने खातात. आणि न्यायालयाने म्हटलं की यांच्या वतीने निर्णय घ्यायचा हक्क याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही, इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे. म्हणजे रक्ताचं नातं नसताना, नुसत्या सांभाळण्याने माणसं कुटुंब ठरली. १८ मे २०१५ ला त्या न्यूमोनियाने गेल्या.

बेचाळीस वर्षं! पण त्यासाठी त्यांनी त्याच रुग्णालयाची नर्स असणं गरजेचं होतं. चोपड्याच्या केळीवाल्याला चार नंबरचा वॉर्ड कुठून मिळणार?

अरुणाताई खोलीत होत्या त्या बेचाळीस वर्षांत बाहेर कायदे मात्र बरेच झाले. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यातला एक 'मतिमंदत्व' (तेव्हाचा सरकारी शब्द), आणि त्याची व्याख्या होती, मनाची वाढ खुंटलेली किंवा अपुरी राहिलेली. दादाच्या मनाची वाढ चांगली पूर्ण झाली होती हो, तेहतिसाव्या वर्षापर्यंत व्यवस्थित चालू होतं. पुढे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. हा मुळात आईबापांच्या "आमच्यानंतर याचं काय?" या प्रश्नासाठी केलेला कायदा. त्याच्यात पालक नेमायची सोय आहे, आणि त्या न्यासाची 'घरौंदा' नावाची योजना म्हणजे चक्क प्रौढांसाठी सामूहिक निवास. वाचताना मी खुर्चीतून उठलोच. मग अट वाचली. हा कायदा चारच गटांसाठी आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. बसलो परत खाली.

मग २०१६ चा कायदा, सातांचे एकवीस झाले. तोच माझा ड्रॉपडाउन. त्यात ॲसिड हल्ल्याचे बळी आले, हिमोफिलिया आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आले, आणि ते यायलाच हवे होते. अपघाताने मेंदूला झालेली इजा या नावाची ओळ तिथेही नाही. डॉक्टर त्यातल्या त्यात जवळचा रकाना बघतात. हात-पाय लुळा असेल तर चलनवलनाचा, नाहीतर मानसिक आजाराचा. दादाचे हात-पाय धड आहेत, हीच त्याची अडचण.

एक गोष्ट मात्र नव्याने झालीय. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत, दुखापतीने कुणी कायमचा अपंग झाला किंवा निव्वळ श्वासापुरता जिवंत राहिला तर निदान दहा वर्षं सक्तमजुरी, असं वेगळं कलम आहे. १८६० च्या यादीत नसलेली ओळ यायला १६४ वर्षं लागली. तीही शिक्षेच्या बाजूला आली, सांभाळण्याच्या नाही.

न्यायालयांनी मधल्या फटी बुजवायचा प्रयत्न केलाय. बेशुद्धावस्थेतल्या माणसाचा पालक कसा नेमायचा याला धड कायदाच नाही, म्हणून २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने स्वतः नियम घालून दिले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाराव्या वर्षी अपघातात मेंदू निकामी झालेल्या एका मुलीच्या दाव्यात सांभाळायला दोन माणसं धरली, महिना प्रत्येकी ५००० रुपये, त्याला बारा महिने आणि अठराचा गुणक, म्हणजे २१ लाख ६० हजार. हिशोब वाचून बरं वाटलं. निदान कुणीतरी मावशीच्या कामाला किंमत लावली! पण पैसे हातात आले तरी त्या पैशांनी ठेवायचं कुठे हा प्रश्न राहतोच. आणि दादाचा दावा तर केव्हाच फेटाळला गेला, कारण समोरचं वाहन सापडलंच नाही.

आता किती जण आहेत असे? देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. मेलेल्यांत दुचाकीवाले जवळजवळ ४५ टक्के. हे सगळं सरकारी अहवालात आहे. जखमींमधले किती जण घरी आले आणि तरी आले नाहीत, याचा रकाना त्या अहवालातही नाही.

मला कुणी विचारलं की समज, चोपड्याला असं घर काढायचंय, तर त्यात असतं काय? तर मशिनरी फारशी नसते. डोक्याला जोराचा मार लागला की मेंदूचा पुढचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासला जातो, आणि तोच भाग आपला प्रोजेक्ट मॅनेजर. काय आधी, काय नंतर, कुठे थांबायचं, हे ठरवणारा. बाकी टीम शाबूत असते, पण कामं वाटणारा नाही. अशा घरात हा मॅनेजर भिंतीवर टांगतात. दिवसाचा फळा, मोठ्या अक्षरात. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं. घड्याळाचे गजर. पाठीशी उभा राहणारा माणूस, जो काम हिसकावून घेत नाही पण चूक व्हायच्या आत हात धरतो. हे आत लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्मरणशक्ती गेलेला माणूस चुकांतून शिकत नाही, कारण झालेली चूक चूक म्हणून त्याच्या लक्षातच राहत नाही. चूकच घट्ट बसते. म्हणून चुकू न देता शिकवायचं, असं बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी १९९० च्या दशकात दाखवलं. आम्ही आठ वर्षं दादाला "आठव बरं, आठव बरं" करत होतो. नेमकं उलटं.

आणि शेवटचं म्हणजे सोबत. बेन-यिशायच्या गटातली माणसं एकमेकांसमोर स्वतःबद्दल बोलायची. आईने शंभरदा सांगितलेलं जे पटत नाही, ते त्याच वाटेवरून आलेल्याने एकदा सांगितलं की पटतं. दादाच्या आयुष्यात गेल्या आठ-नऊ वर्षांत त्याच्यासारखा दुसरा माणूस आलेला नाही. तो जिल्ह्यात नसेल असं नाही. असेल कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी ओट्यावर, आईजवळ.

मागच्या महिन्यात परत जाऊन आलो. पुण्याहून एक पांढरा फळा नेला, ट्रॅव्हल्सवाल्याने त्याचे वेगळे शंभर रुपये घेतले. मावशीला अक्षरं मोठी काढता येत नाहीत, म्हणून शेजारच्या नववीतल्या मुलीला लिहायला बसवलं. उठणे. दात. चहा. चपला लावणे (हे दादाने स्वतः सांगितलं). झाडांना पाणी. गॅसला हात नाही. समोरच्या केळीच्या वखारीचा मालक दादाचा जुना माणूस, तो म्हणाला, रोज दहा ते अकरा पाठवा, घड मोजायला बसवतो. मोजलेलं लिहायला शेजारी एक पोरगा असेल.

फॉर्मचं म्हणाल तर तो अजून तसाच आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने 'मानसिक आजार' हा पर्याय निवडला, मग मावशीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. म्हणाली, आज नको, पुढच्या वेळी आलास की बघू.